महामारी, टाळेबंदी आणि दलितांचे घर

'टाळेबंदी' हा शब्द मुंबईच्या कामगारवस्तीला नवा नाही. मालकाने गिरणीच्या फाटकाला कुलूप घातले, नोटीस डकवली आणि कामगाराला बाहेर ठेवले, की तिला टाळेबंदी म्हणत. १९८२ च्या संपाच्या आगेमागे गिरणगावातल्या पोरासोरांनाही हा शब्द तोंडपाठ होता. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देश २१ दिवस बंद राहील असे दूरचित्रवाणीवरून जाहीर केले आणि चार तासांनी, मध्यरात्री, तो बंद झाला. वर्तमानपत्रांनी 'लॉकडाऊन'ला हाच जुना शब्द दिला. जुन्या टाळेबंदीत कामगार कुलुपाच्या बाहेर असे. या नव्या टाळेबंदीत तो आत होता. आत म्हणजे कुठे, हे मात्र त्या रात्री कोणी विचारले नाही.

'घरात राहा, सुरक्षित राहा' असे ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांपुढे एक घर होते. त्या घराला दोन-तीन खोल्या होत्या. नळाला पाणी होते, आत संडास होता, पेटीत महिन्याचे धान्य होते आणि एक तारखेला येणारा पगार होता. असे घर या देशात आहे, यात शंका नाही. पण ते कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या वाट्याला का आले नाही, याला इतिहास आहे. महामारीच्या काळात हा इतिहास उघडा पडतो आणि साथ ओसरली की पुन्हा झाकला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

महामारीच्या निमित्ताने सरकार थेट माणसाच्या घरात शिरले ते १८९६-९७ च्या प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने घराची झडती घेणे, माणूस उचलून इस्पितळात वा छावणीत नेणे, सामान जाळणे, घर मोकळे करून घेणे, असे सारे अधिकार अंमलदारांच्या हाती आले. पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरोघर शिरले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग शाळेच्या पुस्तकात आहे. सबंध महाराष्ट्राला प्लेग आठवतो तो याच एका प्रसंगामुळे.

त्या काळच्या तक्रारी मात्र जरा बारकाईने पाहाव्यात. सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात गेले, देवघर बाटले, बायकांना उघड्यावर आणून तपासले. बायकांच्या विटंबनेची तक्रार खरी होती आणि ती कोणत्याही जातीच्या बाईची असती तरी तितकीच खरी ठरली असती. पण 'बाटले' या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. ज्यांच्या सावलीनेही घर बाटत असे अशी माणसे त्याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. देवघर सोडाच, त्यांना वाड्याचा ओटाही चढता येत नव्हता. महारवाड्यात, मांगवाड्यात झडतीची टोळी आली तेव्हा तेथे बाटवण्यासारखे काही नव्हते; होते ते जाळण्यासारखे. वाकळ, मडकी, कुडाची भिंत, छपराचे गवत. गवताच्या झोपडीवर जंतुनाशक शिंपडत बसण्यापेक्षा तिला काडी लावणे सोपे. त्या घरांची तक्रार कोणत्या पत्रात छापून आली? ज्यांच्यापाशी छापखाना नव्हता त्यांचे दुःख इतिहासात शिरले नाही, इतकेच याचे उत्तर आहे.

मुंबईत याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. शहर हादरले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. लगेच हुकूम सैल करण्यात आला. सैल करण्यामागे दंगलीची भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती होती ती हलालखोरांची, म्हणजे शहराचा मैला उपसणाऱ्या मेहतर कामगारांची. ते घाबरून गावी निघून गेले तर शहरात एक दिवस राहणे अशक्य होईल, हे कमिशनरला पक्के ठाऊक होते. पुढे काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. शेठजी माथेरान-पाचगणीकडे गेले, कोकण्या कोकणात गेला. हलालखोर जाऊ नये म्हणून मात्र सगळी यंत्रणा जिवाचे रान करीत होती. ज्याची वस्ती रोगाचे माहेरघर म्हणून दाखवली जाई, त्याच्याच हातांवर शहराचे आरोग्य उभे होते. ही विसंगती ना सरकारला खटकली, ना शहाण्यासुरत्या नागरिकांना.

त्या काळात त्या वस्त्यांत आपण होऊन शिरलेली माणसे थोडी. सावित्रीबाई फुले यांचे मरण हे त्यातले. डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर हडपसर भागात रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचे प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. तेही रोग्यांच्या सेवेत होते. रँडचा मृत्यू जितका आठवला जातो तितके हे दोन मृत्यू आठवले जात नाहीत. सत्यशोधकांच्या दृष्टीने महारवाड्यातले घर म्हणजे ज्यात माणूस आजारी आहे असे घर होते, एवढा साधा त्याचा अर्थ.

प्लेगने मुंबईला एक संस्थाही दिली. माणसांना राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर 'यू. एच. एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. अशा खोल्या, अशा चाळी पाडून हवेशीर घरे बांधण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने पाडले पुष्कळ, बांधले त्या मानाने थोडे. उठवलेली माणसे शेजारच्याच खोल्यांत आणखी दाटीने शिरली. तरी ज्या थोड्या चाळी उभ्या राहिल्या त्यांतली एक परळच्या पोयबावडीची. तिच्या दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या खोल्यांत बाबासाहेब १९३४ पर्यंत राहिले. म्हणजे आपल्या चळवळीचे पहिले कार्यालय म्हणावे ते घर प्लेगच्या पोटातून जन्मले होते.

त्याआधी आंबेडकर कुटुंब डबक चाळीत एका खोलीत राहत होते. खोलीत भांडीकुंडी, जळण, जाते आणि एक बकरीसुद्धा. सुभेदार रामजी पोराला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत, कारण त्या वेळीच खोली शांत असे. पोर अभ्यासाला बसले की तीच जागा निजायला मोकळी होई. बाबासाहेबांच्या चरित्रांत ही हकिकत जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती जिद्द आहेच. पण एका खोलीचे वेळापत्रक कसे चालते, कोण केव्हा निजतो आणि कोण केव्हा जागतो याची ती नोंदही आहे, आणि टाळेबंदी समजून घ्यायला ही नोंद फार उपयोगी पडते.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा आला तेव्हा सरकारने घरात शिरण्याचा नाद सोडला होता. बंदिस्त खोल्यांत लोक मुकाट्याने मेले. एकट्या ६ ऑक्टोबर १९१८ या दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साली बाबासाहेब मुंबईतच होते आणि नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या साथीचे जातवार आकडे मुंबईच्या आरोग्य खात्याने ठेवले. युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३ मृत्यू, पारशांमध्ये ९. वरच्या जातींच्या हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२. आणि ज्यांना त्या तक्त्यात 'लो कास्ट हिंदू' म्हटले आहे त्यांच्यामध्ये ६१.६. रोगजंतू जात पाहत नाही, हे वाक्य आपण २०२० मध्ये पुष्कळदा ऐकले. जंतू पाहत नसेल. खोली पाहतो, पाणी पाहतो, पोटात काय आहे ते पाहतो. आणि खोली, पाणी, अन्न यांची वाटणी जातीनेच झालेली आहे.

आता २०२० कडे येऊ.

कायदा तोच होता. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. आर्थर रोडचे ते इस्पितळही तेच, आता कस्तुरबा या नावाचे. मुंबईतले पहिले रोगी तेथेच ठेवण्यात आले. विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यात आला. दारावर कागद चिकटले. शब्द मात्र नवा आला, 'सोशल डिस्टन्सिंग'. काही पत्रांनी त्याचे सरळ 'सामाजिक अंतर' असे भाषांतर केले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच 'शारीरिक अंतर' म्हणावे असे सुचवले होते. तिची कारणे निराळी होती. आपल्याकडे या शब्दाला शतकांचा वास आहे. १९२८ च्या गिरणीसंपात बाबासाहेबांनी अस्पृश्यांना विणखात्यात घेण्याचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांना वगळण्याचे जे कारण दिले जाई ते थुंकीचे होते: धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. थुंकीची धास्ती घेऊन माणसापासून दूर राहण्याचे शिक्षण या समाजाला कोणा डॉक्टरने द्यावे लागले नाही.

परंतु शब्दावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. आत, खोलीत, काय चालले होते ते पाहिले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील दर शंभर कुटुंबांपैकी ३७ कुटुंबे एकाच खोलीत राहतात. सुमारे चार कुटुंबांना स्वतःची म्हणावी अशी एकही खोली नाही. आवारात पिण्याचे पाणी असलेली घरे एकूण शंभरात सुमारे ४७. अनुसूचित जातींत ३५. आवारात संडास असलेली एकूण ४७. अनुसूचित जातींत ३४. या आकड्यांचा अर्थ असा, की घर नावाच्या वस्तूचा अर्धा भाग घराबाहेर असतो. मोरी आत, पण पाणी कोपऱ्यावरच्या नळावर. चूल आत, पण संडास गल्लीच्या टोकाला. निजायची जागा चौघांना, तर माणसे सात. उरलेले तिघे ओट्यावर, माळ्यावर, किंवा रात्रपाळीला. दिवसा पुरुष कामावर, बाई धुण्याभांड्याला, पोरे शाळेत. म्हणूनच ती खोली चालते. सगळे एकाच वेळी घरात बसावेत अशी तिची रचनाच नाही. २५ मार्चच्या सकाळी सगळे एकाच वेळी घरात होते.

धारावीत पहिला रोगी १ एप्रिल २०२० रोजी सापडला. तेथील दहांपैकी आठ माणसे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून असल्याचे पालिकेचेच अधिकारी सांगत होते. त्याच धारावीत माटुंगा लेबर कॅम्प आहे, बाबूराव बागुलांच्या कथेतील माणसे जेथून आली तो. पुण्यात भवानी पेठ, ताडीवाला रस्ता, कासेवाडी ही नावे रोज वृत्तपत्रांत येऊ लागली. पत्रे ठोकून गल्ल्या बंद झाल्या. पोलीस काठी घेऊन नाक्यावर उभा. आणि संडासच्या रांगेत किंवा नळावर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो 'नियम मोडणारे' म्हणून छापला जाई. हा माणूस नियम मोडत नव्हता. तो आपल्या घराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जात होता.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत, दहिसर, चेंबूर आणि माटुंगा येथे, रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली होती, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. हे आकडे लागणीचे आहेत, मृत्यूचे नव्हेत. १९१८ च्या तक्त्याशी त्यांची सरळ तुलना करणे बरोबर होणार नाही. तरीही दोन्ही तक्त्यांत खालच्या ओळीचा आकडा वरच्या ओळीच्या तिपटीहून अधिक आहे, हे डोळ्याआड कसे करावे?

घरातल्या काळज्यांचा क्रम मात्र सरकारी क्रमाहून वेगळा होता. सरकारच्या यादीत पहिला रोग. घराच्या यादीत पहिले भाडे आणि धान्य. नाक्यावर उभे राहणाऱ्या बिगाऱ्याचे काम त्याच रात्री गेले. धुणीभांडी करणाऱ्या बाईला सोसायटीच्या फाटकावरून परत पाठवण्यात आले. काहींना मार्चचा पगार मिळाला, एप्रिलचा फार थोड्यांना. जे हात वर्षानुवर्षे त्यांची ताटे घासत होते ते एका दिवसात धोक्याचे ठरले. रेशन कार्ड गावाच्या पत्त्यावर असेल तर शहरातल्या दुकानात ते सहज चालत नसे. माणशी पाच किलो फुकट धान्य जाहीर झाले, पण ज्याचे नाव कार्डावर नाही त्याला पाच किलोही नाही. जनधन खात्यात बाईच्या नावे महिना ५०० रुपये, तीन महिने, आले. ते काढायला बँकेच्या दारात चार तास उभे राहावे लागे, आणि पुन्हा अंतर पाळले नाही म्हणून बोलणी खावी लागत. शिवभोजनाची थाळी पाच रुपयांवर आणली, हे चांगले झाले आणि तसे म्हटले पाहिजे.

या सगळ्याचा भार वाहिला तो बाईने. घरात पाणी आणायचे तिने, हात धुवायला सांगायचे तिने, आणि हात धुवायला हंडा पुरत नाही म्हणून बोलणी खायची तीही तिनेच. पुरुष घरात बसला तेव्हा तो रिकामा बसला. तिचे काम मात्र वाढले. रोजगार गेल्याचा संताप कोणावर तरी निघतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो कोणावर निघणार हे सांगायला नको. ४ मे रोजी दारूची दुकाने उघडली, त्या दिवशी वस्तीतल्या कित्येक बायकांच्या पोटात गोळा आला असेल. आपल्या चळवळीच्या लेखणीने मालकाचा, सावकाराचा, सवर्णाचा जुलूम निर्भयपणे मांडला आहे. खोलीच्या आतला हा जुलूम ती अजूनही चाचरत मांडते. दलित स्त्रियांनी आत्मकथनांतून तो सांगितला, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी नाके मुरडली.

आणि शाळा. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. जूनपासून शिक्षण फोनवर आले. 'असर'च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन आढळला. म्हणजे दर पाचांपैकी जवळजवळ दोघांच्या घरी नव्हता. ज्यांच्या घरी होता तेथे तो एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप काम शोधायला बाहेर. तीन भावंडांचे तीन वर्ग एकाच वेळी सुरू होत. अशा वेळी फोन कोणाला मिळतो? बहुधा मुलाला, मुलीला उरलेल्या वेळात. शिक्षकांनी यावर विचार करावा. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने शाळेचा फळा पाहिला तो दुसरीचे निम्मे वर्ष सरल्यावर. सुभेदार रामजींनी रात्री दोनला उठवून जी जागा मिळवली तिच्यात निदान पुस्तक मावत होते.

याच काळात १४ एप्रिल आला. त्या सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. जयंती घरीच करावी असे संघटनांनी आवाहन केले आणि लोकांनी ते पाळले. मिरवणूक नाही, स्पीकर नाही. खोलीतल्या तसबिरीला हार, दोन मेणबत्त्या, मुलांना संविधानाची उद्देशिका वाचायला लावलेली. ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा मेळावा झाला नाही, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जनसागर आला नाही. ज्या समाजाला घर लहान मिळाले त्याने आपले मोठे घर या मैदानांवर बांधले होते. त्या वर्षी तेही बंद होते, आणि ते त्याने स्वतःच्या समजुतीने बंद ठेवले. या शिस्तीबद्दल कोणी थाळी वाजवली नाही.

थाळ्या वाजल्या त्या २२ मार्चला, सायंकाळी पाच वाजता. त्यांच्या मानकऱ्यांत सफाई कामगारही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामगार मास्क असो वा नसो, हातमोजे असोत वा नसोत, गाडीवर हजर होता. रोग्यांच्या घरचा कचराही त्याच डब्यात आणि त्याच हातांत. १८९६ मध्ये हलालखोर पळून जाईल म्हणून सरकार घाबरले होते. २०२० मध्ये ती भीती नव्हती, कारण कंत्राटी कामगाराला पळून जायला जागाच उरलेली नाही. खाडा झाला की रोज बुडतो, चार खाडे झाले की नाव कटते. त्याच्या घरचे लोक तो परतल्यावर त्याला गल्लीतच कपडे बदलायला लावीत. एका खोलीत वेगळा कोपरा कुठून आणणार?

ज्यांनी घराकडे चालायला सुरुवात केली त्यांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे निघाले होते, पुढे मध्य प्रदेशात आपल्या गावी जाण्यासाठी. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे आपण पाहिली. पण त्या भाकऱ्या आदल्या रात्री कोणत्या चुलीवर, कोणत्या पिठाच्या, किती दिवस पुरतील या हिशेबाने भाजल्या होत्या, हे कोणी लिहिले नाही. इतिहासाला अपघात दिसतो. अपघाताआधीचे घर दिसत नाही.

हे लिहिण्याचे काम आपले आहे आणि ते लवकर केले पाहिजे. प्लेगच्या काळात आपल्या वस्त्यांत काय झाले हे आज आपणांस स्नोच्या अहवालातून, म्हणजे घाबरलेल्या कमिशनरच्या तोंडून, ऐकावे लागते. या वेळची साधने आपल्याच घरांत पडून आहेत. महाविद्यालयांतील मुलामुलींनी आपल्या आयांना, आज्यांना समोर बसवून विचारावे: त्या एप्रिलमध्ये काय शिजले, कोणाकडून उसने आणले, कोण कुठे निजले, पाणी कोणी भरले. उत्तर कागदावर उतरवून घ्यावे, तारीख-वारासह, शक्यतो त्यांच्याच बोलीत. कामगार संघटनांनी हजेरीपत्रकांच्या प्रती मिळवाव्यात. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला गाठावे. कोणत्या घरात कोणत्या तारखेपासून डाळ थांबली आणि नुसते तांदूळ-मीठ सुरू झाले हे त्याच्या उधारीच्या वहीत ओळीने लिहिलेले आहे. त्यांतल्या कित्येक ओळी अजून खोडलेल्या नाहीत.